मागितल्याशिवाय पाणी नाही

आमच्या खानदेशात कोणी ओट्यावर टेकलं, की विचारायच्या आधी पाण्याचा तांब्या बाहेर येतो. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही येतो. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला आबांचं घर होतं, तिथे मात्र पाणी मागावं लागे, आणि तेही स्पॅनिशमध्ये. नाही मागितलं तर माठ समोर दिसत असताना कोरड्या घशाने घरी जायचं. जळगावच्या मे महिन्यातही या नियमाला सूट नव्हती.

आबांच्या स्पॅनिशच्या वर्गातून पहिल्या दिवशी मी तशीच उठले. शब्द मला आला नव्हता असं नाही. ‘आगुआ’ म्हणायचं होतं, एवढंच. आबांनी माठावर हात ठेवून तो शब्द आमच्याकडून म्हणवून घेतला होता आणि बाकीच्या सगळ्यांनी ‘आगुआ, आगुआ’ करत पेले रिकामे केले होते. माझी पाळी आली तेव्हा मी मान हलवली, जणू मला तहानच नव्हती. आबांनी माझ्याकडे बघितलं, पेला परत माठावर उपडा घातला आणि पुढचा शब्द घेतला.

जाताना मागच्या दाराशी त्यांच्या मोठ्या बहिणीने मला थांबवलं. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. “पी ना वं पोर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “त्याना नादले लागू नको.” मी प्यायले. पुढचे बरेच दिवस आमचं असंच चालू होतं. पुढच्या दाराने मी विद्यार्थिनी होते आणि मागच्या दाराने पाहुणी.

मी तिथे गेले ते कामामुळे. धुळ्याहून जळगावला येऊन मी प्लास्टिकच्या चटया बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले होते. आमच्या चटया कुठे कुठे जातात हे कळल्यावर मला आश्चर्य वाटलं होतं. स्पेनमधला एक खरेदीदार नव्याने मिळाला होता आणि त्याच्या मेल अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या स्पॅनिशमध्ये येत. शेठ म्हणाले, ऑफिसातल्या एकाने तरी ही भाषा थोडी शिकून घ्यावी. शेठच्या घरचे कधीकाळी राजस्थानातून आलेले, पण अहिराणी ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगली बोलत. त्यांनी सगळ्यांकडे बघून माझं नाव घेतलं. मी फारसं बोलत नाही, म्हणजे माझ्याकडे वेळ असणार, असा त्यांचा हिशेब होता.

मी फारसं बोलत नाही हे खरं होतं. धुळ्याला आमच्या शाळेत मधल्या सुट्टीतही इंग्रजीच बोलायचं, असा नियम होता. घरी आजी आणि काका अहिराणी बोलत, पण वडील माझ्याशी जपून पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, कारण मुलीची जीभ बिघडू नये. त्यामुळे मला तिन्ही भाषा नीट कळत आणि तिन्हींत तोंड उघडण्याआधी मी वाक्य मनात दोनदा तपासून बघे. तोपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असे. मोबाइलवर मी स्पॅनिशचं एक ॲप घेतलं होतं. ते मला बरं वाटे, कारण ते थांबून राही.

आबांचा पत्ता आमच्या अकाउंटंटने दिला, तोही हसत. ते म्हणाले, “जळगावात यांची स्पॅनिश तपासणार कोण? उद्या मीही जपानीचा क्लास काढतो.”

गावात बऱ्याच जणांचं असंच मत होतं. आबा मूळचे चोपड्याकडचे, केळीच्या बागांतले. कोण्या कंपनीने त्यांना इक्वेडोर नावाच्या देशात केळीच्या मळ्यांवर देखरेखीसाठी पाठवलं होतं. गेले ते काही महिन्यांसाठी आणि राहिले कितीतरी वर्षं. समुद्राकाठच्या त्या गावात इंग्रजी कोणाला येत नव्हती, म्हणून ते कानाने ऐकून स्पॅनिश शिकले. कंपनीचं काम संपलं म्हणून परत आले, असं सगळे सांगत. आल्यावर त्यांनी लग्न केलं नाही. विधवा बहिणीबरोबर राहू लागले आणि उरलेल्या वेळात शिकवू लागले. फी घेत नसत. हेही लोकांना संशयास्पद वाटे.

दिसायला ते किडकिडीत, अंगात नेहमी पांढरा शर्ट, पायात घरी काही नाही. पावसाळ्यात मात्र घरातही गमबूट. दाराशी एक विणलेली हॅट टांगलेली असे. पाहुणा आला की ते ती डोक्यावर ठेवत, किंचित उचलत, ‘ब्वेनास’ म्हणत आणि परत टांगून ठेवत. दूधवाल्यालाही तसंच. पाण्याच्या मोटरशी, स्कूटरशी आणि अंगणातल्या केळीशी ते स्पॅनिशमध्ये बोलत. स्कूटर सकाळी लवकर सुरू होत नसे, त्यामुळे गल्लीतल्या पोरांना स्पॅनिश शिव्या पाठ होत्या, दुसरा शब्द एकही नाही.

शनिवारच्या बाजारात ते भाजीचा भाव स्पॅनिशमध्ये विचारत आणि भाजीवाली मावशी अहिराणीत उत्तर देई. दोघांचं कधी अडल्याचं मी पाहिलं नाही. अक्का मात्र पिशवी धरून बाजूला उभ्या राहत, आपण या माणसाच्या कोणी नाही असा चेहरा करून.

शिकवण्याची त्यांची रीत एकच. जी वस्तू समोर आहे, जिला हात लावता येतो, तिचंच नाव सांगायचं. ते वहीत काही लिहू देत नसत. शब्द कागदावर ठेवला की तोंडातून जातो, असं म्हणत. त्यामुळे आमची भाषा त्यांच्या घराच्या आकाराची होती. दार म्हणजे पुएर्ता, हे आम्ही दार उघडत-लावत शिकलो. खिडकी म्हणजे वेन्ताना, तिच्यातून डोकं बाहेर काढून. खुर्चीचं नाव घेतल्याशिवाय बसायचं नाही. मी बराच काळ उभ्यानेच शिकले.

आमच्या वर्गात एक तरुण इंजिनिअर होता. त्याला पुढच्या शिक्षणासाठी स्पेनला जायचं होतं आणि घाई होती. माठ, चूल, उंबरठा यांना तो कंटाळला. एकदा त्याने विचारलं, विमानतळाला काय म्हणतात? आबा म्हणाले, “विमानतळ इथे आण, मग नाव सांगतो.” सगळे हसले. आबा हसले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना जळगावच्या विमानतळावर नेलं. आत जाता येणार नव्हतंच, म्हणून तारेच्या कुंपणाबाहेर उन्हात उभं केलं. धावपट्टी रिकामी होती. आबांनी कुंपणाच्या जाळीत बोट अडकवून शब्द सांगितला आणि आमच्याकडून म्हणवून घेतला. फाटकावरचा शिपाई आला, म्हणाला, काय चाललंय? आबा म्हणाले, “काही नाही भाऊ, याचं नाव घेतोय.” शिपायाने आमच्याकडे, मग धावपट्टीकडे पाहिलं आणि बाजूला झाला. तो शब्द मी अजून विसरलेली नाही.

याच इंजिनिअरने पुढे मोबाइल काढला. त्या दिवशी अंगणातल्या केळीचा घड उतरवला होता आणि आबा आम्हाला केळ्याचं नाव शिकवत होते. गिनेओ, ते म्हणाले. इंजिनिअरने स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. तिथे दुसराच शब्द होता, प्लातानो. मग त्याने आणखी शब्द काढून दाखवले. शेंगदाण्यासाठी आबांचा वेगळा, मोबाइलचा वेगळा. पिशवीला वेगळा. तो उद्धट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की मुलाखतीत कोणता म्हणायचा?

आबांनी एक केळं मोडून त्याच्या हातात दिलं. “ज्याने याचे घड खांद्यावर वाहिले, तो याला गिनेओ म्हणतो. तुझ्या मोबाइलने किती वाहिले?”

इंजिनिअरने केळं खाल्लं आणि पुढच्या आठवड्यापासून आला नाही. आणखी दोघंतिघं गळली. अकाउंटंटच्या कानावर हे गेलंच. “मी बोललो होतो ना,” ते म्हणाले.

मीही रात्री खोलीवर जाऊन ॲपमध्ये आबांचे शब्द शोधून पाहिले होते. काही सापडले, बरेच सापडले नाहीत. कोण खरं, हे मला ठरवता येईना. पण त्या घरी गेल्यावर दारातून आत येईपर्यंत माझ्या मनात आपोआप शब्द उमटत, दार, खिडकी, माठ, आणि ते ॲपमधले नसत, आबांचे असत. म्हणून मी जात राहिले.

एका संध्याकाळी वर्गाला मी एकटीच होते. अक्का पलीकडे दादर निवडत बसल्या होत्या. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. आबांनी शिकवायला घेतलेला पेला खाली ठेवला. मग मराठीत म्हणाले, “बेटा, खरं सांगू? मला विद्यार्थी नकोत. मला बोलायला माणूस पाहिजे. तिकडून आल्यापासून मला कोणी उलट उत्तर दिलेलं नाही.”

अक्कांनी सुपातून मान वर न काढता विचारलं, “कोनले समजस ते? भितले?”

“भिंतीला समजलं असतं तर बरं झालं असतं,” आबा म्हणाले. मग मला सांगू लागले, की आपलेच शब्द आता निसटायला लागलेत. सकाळी दाढी करताना वस्तऱ्याचं नाव आठवेना. एकट्या माणसाच्या तोंडात भाषा टिकत नाही, तिला समोरून धक्का लागतो. आपण मरायच्या आत एक तरी माणूस जळगावात असा हवा, की ज्याच्याशी संध्याकाळी बसून साध्या गोष्टी बोलता येतील. ज्ञानाच्या नकोत. भाजी महाग झाली, गुडघा दुखतो, अशा. “तुला सगळं समजतं,” ते म्हणाले. “तुझ्या डोळ्यांवरून कळतं. पण समजणाऱ्या माणसाचा मला काय उपयोग?”

ते रागावले नव्हते. मी मान खाली घातली. माझ्या मनात उत्तर तयार होत होतं, पण तोपर्यंत ते उठून मोटर बंद करायला गेले.

हिवाळ्यात तो स्पेनचा खरेदीदार कारखाना बघायला यायचा होता. शेठनी त्याच्यासाठी शेतावर भरीत पार्टी ठेवली. आमच्याकडे मोठ्या पाहुण्याला हॉटेलात नेत नाहीत, शेतात नेतात, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवतात आणि त्या जाळावर वांगी भाजतात. शेठ मला म्हणाले, तुझ्या त्या आबांना घेऊन ये, पाहुण्याला बरं वाटेल.

मी आबांना निरोप दिला तेव्हा त्यांनी फक्त वार विचारला. पण अक्कांनी मला नंतर सांगितलं, की त्या आठवड्यात आबांनी दोनदा केस कापवले, कारण पहिल्यांदा नीट झाले नाहीत, आणि संध्याकाळी अंगणात फेऱ्या घालत स्वतःशी मोठ्याने बोलत राहिले. प्रश्न एका कोपऱ्यातून आणि उत्तर दुसऱ्या कोपऱ्यातून. पार्टीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट आणि ती हॅट घालून गाडीत बसले. बूट नवे होते.

पाहुणा तरुण होता, गोरा, घामाघूम झालेला आणि सगळ्यांशी हसून वागणारा. आबांनी हॅट उचलून ‘ब्वेनास’ म्हटलं तेव्हा त्याचे डोळे विस्फारले. पुढची दहा-पंधरा मिनिटं आबांची होती. त्यांनी त्याला जाळाशी नेलं, वांगी दाखवली, मिरची दाखवली, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. भाजलेली वांगी लाकडी बडगीत घालून बाया ठेचायला लागल्या तेव्हा आबा त्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलत होते. मला जवळजवळ सगळं समजत होतं. ते खरोखर बोलत होते, आणि पाहुणा खरोखर उत्तरं देत होता. अकाउंटंट हातात पुरी घेऊन बघत उभे होते.

मधूनच पाहुणा एखाद्या शब्दापाशी थांबे, भुवया उंचावे, मग हसून मान डोलवी. शेवटी तो शेठकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, की हे गृहस्थ अगदी तिकडच्या किनाऱ्यावरच्या मळ्यांत काम करणाऱ्या लोकांसारखं बोलतात, आमच्याकडे असं कोणी बोलत नाही, फार गोड वाटतं ऐकायला.

शेठनी लगेच सगळ्यांसाठी भाषांतर केलं. “आबा, हा म्हणतो तुमची स्पॅनिश म्हणजे तिकडची अहिराणी शे.”

मोठा हशा झाला. आबाही हसले, मनापासून हसले. त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नव्हता, हे मी पाहिलं. आपली भाषा खरी आहे, हे एवढ्या माणसांसमोर सिद्ध झालं होतं. अकाउंटंटनी तर स्वतः त्यांना पान वाढून दिलं.

पण त्यानंतर पाहुणा इंग्रजीतच बोलत राहिला. शेठना इंग्रजी येत होती, मला येत होती, ऑर्डरचं बोलायचं होतं आणि तेच सोपं होतं. आबा त्याच्या शेजारी पान घेऊन बसले होते. दोनदा त्यांनी काहीतरी विचारलं. पाहुण्याने दोन्ही वेळा आदराने त्यांच्याकडे वळून उत्तर दिलं, इंग्रजीत. तिसऱ्यांदा आबांनी विचारलं नाही. भरीत गार झालं होतं. त्यांनी ते संपवलं, हात धुतले आणि गाडीत जाऊन बसले.

परत येताना मी त्यांच्या शेजारी होते. बोदवडकडच्या त्या रस्त्याला गाडी खूप हलत होती. आबांनी हॅट मांडीवर ठेवली होती. घर आल्यावर ते मला मराठीत म्हणाले, “चांगला होता पोरगा,” आणि आत गेले.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गाला गेले तर त्यांनी मला दारातच सांगितलं, की आता नको. डोळ्यांचा त्रास आहे. तुला हवं ते मोबाइलमध्ये आहेच, आणि ऑफिसला तेच लागेल. अक्कांनी मागच्या दाराने मला मिरचीच्या लोणच्याचा डबा दिला. आमचं ऑफिसचं कामही मिटलं होतं. पाहुण्याने सगळ्या मेल इंग्रजीत लिहायचं कबूल केलं होतं. शेठनी मला पुन्हा कधी स्पॅनिशबद्दल विचारलं नाही.

डबा माझ्याकडे राहिला. तो परत द्यायचा तर रिकामा देता येत नाही, म्हणून मी धुळ्याहून आईच्या हातचे शेव-लाडू आणले तेव्हाच गेले. मध्ये बरेच दिवस झाले होते. अंगण झाडलेलं होतं. मोटर चालू होती आणि तिच्याशी कोणी बोलत नव्हतं.

अक्कांनी डबा घेतला आणि मला स्वयंपाकघरात ओढलं. “तो आते बोलसच नही,” त्या म्हणाल्या. “ना मोटरसंगे, ना गाडीसंगे. पहिले मन्हं डोकं दुखे, आते घर खावाले उठस.” मग माझ्या मनगटाला धरून म्हणाल्या, “तुले येस ना वं ती त्यानी भाषा? मंग बोल ना.”

त्या माझ्याकडे तशाच बघत राहिल्या. माझ्या आजीच्या वयाच्या होत्या, आणि त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

आबा बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. स्कूटरचा प्लग कागदाने घासत होते. मला बघून ‘ये बेटा, बस’ म्हणाले. मी बसले. अक्कांनी न मागता मला पाणी आणून दिलं आणि आबांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मग अक्का आमच्या समोरच खाली सूप घेऊन बसल्या.

मी वाक्य मनात तपासत होते. पहिलंच चुकत होतं. दुरुस्त करू लागले तर दुसरं चुकू लागलं. तेव्हा मी तपासणं सोडून दिलं आणि बोलले. माझ्या घरमालकीणबाई वाईट आहेत, मी स्पॅनिशमध्ये म्हणाले. रोज एक भाजी. रोज. लांब, हिरवी. चव नाही.

हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. त्यांच्याच मेसमध्ये दुधीभोपळा खाऊन खाऊन मला रडू यायचं, पण ते सांगायला लागलं की काय खाता तुम्ही, किती पैसे देता, दुसरीकडे का जात नाही, असे प्रश्न येतात. आता ते एकदम बाहेर पडलं. सगळी क्रियापदं चुकीची होती.

आबांचा हात थांबला. “रोज?” त्यांनी विचारलं. त्यांच्या स्पॅनिशमध्ये.

रोज, मी म्हणाले. आणि रविवारी दोनदा.

त्यांनी प्लग खिडकीत ठेवला. त्या भाजीचं तिकडचं नाव त्यांना आठवेना. आठवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि म्हणाले, की तिकडेही एक बाई होती. तिच्याकडे रोज भात आणि मासा. रोज. पण तिच्या हाताला चव होती.

एवढं बोलून ते थांबले. एरवी मीही थांबले असते. पण समोरचं बोलणं संपू नये असं मला आयुष्यात पहिल्यांदाच इतकं वाटत होतं. ‘इ देस्पुएस?’ मी विचारलं. आणि मग? हा शब्द त्यांनी मला शिकवलेला नव्हता. ‘मग’ला हात लावता येत नाही. तो ॲपमधला होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगू लागले.

अक्का आता नाहीत. असत्या तर हे मी लिहिलं नसतं. आबांना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, लिही, नावं तेवढी नको घालूस.

त्या बाईची रस्त्याकडेला खाणावळ होती. घर लहान, एक खिडकी. आबा मळ्यातून येत आणि खिडकीबाहेर खुर्ची टाकून जेवत. नंतर खुर्ची आत गेली. त्या घराला मागच्या बाजूला दार नव्हतं, पावसात पाणी तुंबे. आबांनी भिंत फोडली आणि दार बसवलं, स्वतःच्या हाताने. रंगही दिला. मग एक दिवस फोन आला. बहीण इकडे एकटी पडली होती, तिचा नवरा गेला होता. आबा बाईला म्हणाले, मी जातो, परत येतो. ते आले आणि पाहिलं, की बहिणीला सोडून जाता येणार नाही. बहिणीला त्या बाईबद्दल सांगितलं असतं तर तिने त्यांना हाकलून परत पाठवलं असतं, आणि इथे एकटी राहिली असती. म्हणून सांगितलं नाही. काम संपलं, एवढंच म्हणाले.

हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलं, लहान लहान शब्दांत. घर, खिडकी, खुर्ची, पाणी, दार, बहीण. मला एकही शब्द अडला नाही. त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं ते बोलत होते, कारण हातभर अंतरावर अक्का दादर निवडत होत्या. मराठीत किंवा अहिराणीत हे त्या घरात कधी बोलता येणार नव्हतं. ते बोलायला माणूस का शोधत होते, हे मला तेव्हा कळलं.

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. भाऊ पुन्हा बोलू लागला म्हणून त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी मला विचारलं, “काय सांगी ऱ्हायना वं तो?”

आबा खिडकीबाहेर बघत होते.

“पाऊसनं सांगी ऱ्हायनात, अक्का,” मी म्हणाले. “तथा लय पाऊस पडस.”

“पाऊसनं? इतला येळ?” अक्का म्हणाल्या, आणि मान हलवून परत सूप मांडीवर घेतलं. मी अहिराणीत उत्तर दिलं, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही.

मी आबांकडे वळले. त्या मागच्या दाराला रंग कोणता दिला होता, मी विचारलं. निळा, ते म्हणाले. आणि मग?